पहिला मान

यंदा चतुर्थीला गावी गेलो तो खिशात पाइनफोन घेऊन. सेकंडहँड. मुंबईतल्या एका मित्राने तो वैतागून मला देऊन टाकला होता, तेव्हाच खरं तर मी शहाणं व्हायला हवं होतं. त्यावर अँड्रॉइडऐवजी पोस्टमार्केटओएस ही कार्यप्रणाली चालते, म्हणजे सरळ लिनक्स. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, अँड्रॉइडच्याही पोटात असतो, पण तिथे आपल्याला ओटीवर बसवून चहा देतात, आत जाऊ देत नाहीत. इथे थेट चुलीपर्यंत जाता येतं. चटका बसला तर तो आपला.

आमचं गाव देवगड तालुक्यात. चुलतभावाने घरी फायबर घेतलंय, राउटर माजघरात देवाच्या फळीशेजारी लुकलुकतो. पहिल्या रात्री पडवीत बसून फोन वायफायला जोडला. रेंज भरपूर, पण एक पान उघडेल तर शपथ. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून १.१.१.१ या नेटवरच्या एका सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारली, तर उत्तरं भराभर यायला लागली. तोच पिंग एखाद्या साइटच्या नावाने केला की फोन मुका. रस्ता धड होता, पत्ता सांगणाराच जागेवर नव्हता.

नेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, नावं माणसांसाठी. नावाचा आकडा करून देण्याचं काम डीएनएसचं. पूर्वी हे सगळं एका फाईलीत मावत असे. ती अमेरिकेत एका ठिकाणी राखायची आणि बाकीच्यांनी तिची नक्कल उतरवून घ्यायची. आमच्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, पाकिटावर घर नंबर कोणी घालत नाही, आणि तरी पत्र बरोबर पोचायचं, कारण सगळी यादी पोस्टमनच्या डोक्यात. पण यंत्रांच्या वाड्या वाढत गेल्या आणि एका डोक्याला ते झेपेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकानेच सगळं लक्षात ठेवायचं नाही, ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे बोट दाखवायचं. अगदी वर मुळाशी बसलेल्या सर्व्हरांची नावं तेरा. आमच्याकडे गावच्या मानकऱ्यांत बारा-पाचाचा मान असतो, तिथे तेरांचा.

तर फोनने नाव विचारायचं कोणाला? एटीसी फोल्डरात रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाची इवलीशी फाईल असते, तीत हे लिहिलेलं असतं. माझ्या फाईलीत एकच आकडा होता, माजघरातल्या राउटरचा. म्हणजे फोनने राउटरला विचारायचं, राउटरने कंपनीच्या सर्व्हरला, आणि त्या रात्री तो सर्व्हर बहुधा कुठल्यातरी भजनाला गेला होता. हे कोणी ठरवलं? कोणीच नाही. वायफायला जोडताक्षणी राउटर पत्त्याबरोबर हेही हातात ठेवतो आणि फोन मुकाट घेतो. डिफॉल्टला मराठीत शब्द शोधत बसतात लोक. आमच्याकडे तो आहे. ‘पूर्वापार.’

मी फाईल उघडून राउटर काढला, १.१.१.१ लिहिला. पान फटकन उघडलं. काकीला परतीच्या गाडीची वेटिंग लिस्ट दाखवून जरा मिरवलोही. तेवढ्यात लाईट गेली. पंधरा मिनिटांनी आली, राउटर उठला, फोन पुन्हा जोडला गेला आणि पुन्हा मुका. फाईल बघतो तर माझं अक्षर पुसलेलं, राउटर जागच्या जागी. वर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की ही फाईल नेटवर्कमॅनेजरने तयार केली आहे. म्हणजे फोनच्या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने. ती ओळ मघाशीही होतीच. मीच वाचली नव्हती. देवळातल्या पाटीवर ‘गाभाऱ्यात जाऊ नये’ लिहिलेलं असतं तेही आपण आत जाऊन आल्यावरच वाचतो.

देवाचा कौल आपल्या हाताने बदलत नाही, तो मानकऱ्यामार्फतच बदलावा लागतो. नेटवर्कमॅनेजरलाच सांगायचं की ह्या वायफायसाठी डीएनएस हा, आणि राउटर आपणहून जे देईल त्याकडे दुर्लक्ष कर. हा दुसरा भाग विसरलात तर तो तुमचाही ठेवतो आणि राउटरचाही. शिवाय हे जोडणीपुरतंच. घरचं वायफाय वेगळं, सिमकार्डचा डेटा वेगळा, सासुरवाडीचं वायफाय वेगळं. सगळीकडे एकच हवं असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ फोल्डरात ग्लोबल डीएनएसची छोटी फाईल ठेवायची आणि डोमेनच्या जागी तारा काढायचा. तारा म्हणजे कुठलंही नाव. मी ती ठेवली. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, गूगलचा ८.८.८.८ आणि क्वाड नाइनचा ९.९.९.९, असे तीन लिहिले. तीनच, कारण चौथ्याला रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये कोणी विचारत नाही.

यात एक गोष्ट मनाला लागून राहिली. आपण जी नावं विचारतो ती सांगणाऱ्याला कळतात. एसटी स्टँडवरच्या दुकानदाराला रोज पत्ता विचारलात, तर तुम्ही कोणाकडे किती वेळा जाता हे त्याला पाठ होतं. मी गावचा दुकानदार टाळून साता समुद्रापलीकडचे तीन गाठले, एवढाच फरक.

पण खरी गंमत पुढेच. नेहमीच्या लिनक्सवर ह्या तीन ओळींना क्रम असतो. पहिल्याला विचारायचं, पाच सेकंद वाट बघायची, तो बोलला नाही तरच दुसऱ्याकडे वळायचं. अगदी गावऱ्हाट, गावच्या मानपानाची रीत. पोस्टमार्केटओएस मात्र अल्पाइन या लिनक्सच्या वेगळ्या अवतारावर बांधलेली, आणि तिथे नावं विचारायचं काम करणारी मसल लायब्ररी तिघांना एकदमच विचारते. जो आधी बोलेल त्याचं खरं. कोणी आधी ‘असं नावच नाही’ म्हणाला तर तेही खरं. आमच्या नाक्यावर पाहुण्याने पत्ता विचारला की हेच होतं. एक विचारतो, तिघे बोलतात, आणि पाहुणा सर्वांत मोठ्या आवाजामागे चालू लागतो.

आबा शेजारी बसून हे सगळं बघत होते. वाडीत भजन कोणाच्या घरापासून सुरू करायचं, देवळात नारळ कोणाचा आधी, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. दोन भावांचं बोलणं बंद आहे ते अशाच एका नारळावरून, आणि तो नारळ फुटला तेव्हा मी शाळेतही नव्हतो.

“मेल्या, रातभर त्या फोनाक काय गाऱ्हाणा घालतस?”

मी फोन पुढे केला. वरची ओळ नेटवर्कमॅनेजरची, खाली तीन आकडे. बोटाने दाखवून समजावलं की नाव विचारायचं ते ह्यांना.

आबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “पयलो मान कोणाचो?”

“कोणाचाच नाही, आबा. तिघांना एकदम विचारायचं. आधी बोलेल तो.”

ते बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत राहिले. बाहेर खळ्यात मृदुंगाला कणीक लावून झाली होती, कोणीतरी त्यांना हाक मारली. टाळ उचलून उठता उठता म्हणाले, “मगे हेका देव तरी कसो पावतलो?”