पिवळा खडा निवडताना

आपल्याकडे पिवळा रंग नजरेत भरण्याआधी अंगाला लागतो. लग्नातली हळद, मामाकडून आलेली अष्टपुत्री, जेजुरीच्या गडावर ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात उधळला जाणारा भंडारा, यांतून तो मांगल्याशी इतका एकरूप झाला आहे की विष्णूचे पीतांबर किंवा नवरत्नांतला गुरूचा पुष्कराज पिवळाच का, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. दागिन्यासाठी खडा घेताना मात्र आपण ग्रहाचा जेवढा विचार करतो तेवढा रंगाचा करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पिवळ्यातही हिरवट लिंबू रंगापासून केशरी झाकेपर्यंत अनेक छटा असतात. मला स्वतःला हळदीच्या जवळची, उबदार पण काळवंडलेली नसलेली छटा सर्वांत आवडते. भाचीच्या अंगठीसाठी सराफांनी पुडी उघडली तेव्हा पेढीवरच्या पिवळ्या दिव्यांखाली सगळे खडे सारखेच सुरेख दिसत होते. दाराशी, दिवसाच्या उजेडात, ते पांढऱ्या कागदावर पालथे ठेवले तेव्हा एका खड्याचा सगळा रंग खालच्या टोकाशी साठलेला आणि बाकीचा भाग जवळजवळ पाण्यासारखा असल्याचे दिसले. वरून पाहताना तोच रंग पैलूंमधून खडाभर पसरल्यासारखा भासत होता. ही फसवणूक नव्हे, पैलू पाडणाऱ्याचे ते कौशल्यच आहे. पण किंमत ठरवताना आपल्याला ते माहीत असायला हवे.

बाजारात पुष्कराज म्हणून बहुधा पिवळा नीलम मिळतो, तर काही ठिकाणी टोपाझ या वेगळ्या खनिजालाही तेच नाव देतात. म्हणून पावतीवर खनिजाचे नाव लिहून घ्यावे. पिवळा नीलम हा माणकाचाच भाऊबंद. काठिण्य, म्हणजे ओरखड्याला दाद न देण्याची ताकद, 10 पैकी 9, रंग बहुधा लोहाच्या अंशामुळे आलेला, आणि श्रीलंकेतला माल विशेष नावाजलेला. तो तापवून रंग खुलवण्याची प्रथा जुनी आहे आणि तसे सांगून विकल्यास माझी त्याला हरकत नाही. बेरिलियम या मूलद्रव्याच्या साहाय्याने अतिशय उच्च तापमानात रंग आत मुरवलेले खडे मात्र वेगळे. ते साध्या भिंगाखाली खात्रीने ओळखता येत नाहीत, त्यामुळे मोठ्या खरेदीत प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागायला संकोच करू नये. वजनही कॅरेटमध्येच विचारावे, कारण कॅरेट म्हणजे नेमके 200 मिलिग्रॅम, तर रत्तीचे माप सगळीकडे एकच नसते.

एवढा खर्च करायचा नसेल तर सुनेला, म्हणजेच सिट्रिन, आनंदाने घ्यावा. तो क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचे खनिज, असून बाजारातला बराचसा सुनेला जांभळा अ‍ॅमेथिस्ट तापवून तयार होतो. क्वार्ट्झ वजनाला हलके असल्यामुळे तेवढ्याच कॅरेटमध्ये तो नीलमाच्या जवळजवळ दीडपट आकारमानाचा मिळतो, आणि पेंडंटमध्ये फार खुलतो. त्याचे काठिण्य 7 असल्याने रोजच्या अंगठीत काही वर्षांनी पैलूंच्या कडा झिजतात. टोपाझचे काठिण्य 8 आहे खरे, पण एका दिशेने तो सहज दुभंगतो. ओट्यावर हात आपटणाऱ्या बाईच्या बोटात तो मी सुचवणार नाही.

पिवळा खडा पिवळ्या सोन्यातच बसवावा, असे माझे ठाम मत आहे. फिक्या खड्याला सोन्याची आभा मिळते आणि गडद खडा सोन्याशी एकजीव होतो. खड्याला धरणारे काटे मऊ असू नयेत म्हणून 22 ऐवजी 18 कॅरेट सोने घ्यावे आणि मागची बाजू उघडी ठेवायला सांगावी, म्हणजे प्रकाश आत जातो व साचलेला साबण मऊ ब्रशने काढता येतो. पुढे अंगठी सैल किंवा घट्ट करायची झाल्यास आच देण्याआधी खडा काढून ठेवण्याची आठवण सोनाराला जरूर करून द्यावी, विशेषतः टोपाझ आणि सुनेला असेल तर.