'बिग फिश थिअरी': माझ्या तोंडाकडे बघू नका, नाचा

रॅपर विन्स स्टेपल्सच्या 'बिग फिश थिअरी' या अल्बममध्ये 'पार्टी पीपल' नावाचा ट्रॅक आहे. तो सुरू झाला की पाय आपोआप हलायला लागतात, म्हणजे बसल्या जागी, खुर्चीत पण. बीट अगदी क्लबचा, फास्ट, कुठे थांबायला जागाच नाही. आणि त्यावर हा माणूस काय सांगतोय, तर चहूकडे मरण आणि नासधूस दिसत असताना मी मजा कशी करायची, माझ्या तोंडाकडे बघू नका नाहीतर माझं दुःख सगळ्यांना दिसेल, आणि मग त्याच दमात स्वतःला संपवण्याचा विचार येऊन जातो. एका ओळीत. पुढची ओळ सुरू पण झालेली असते. मग हुक येतो, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, नाचायला आला असाल तर नाचा.

मी हा अल्बम गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि त्या हुकपाशी दर वेळी पोटात काहीतरी होतं, कारण तोपर्यंत मी नाचतच असतो ना. म्हणजे त्याने सांगितलंय की बघू नका, आणि मी खरंच बघितलेलं नसतं.

ज्यांना विन्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा रॅपर, जन्म १९९३चा. लाँग बीच म्हणजे स्नूप डॉग, वॉरेन जी, नेट डॉग यांचं गाव, मोठं बंदर, आणि तितकंच गँगचं गाव. विन्स त्याच्या उत्तर भागात, रमोना पार्कच्या आसपास वाढला, स्वतः गँगमध्ये होता, आणि त्याबद्दल बोलताना तो कधीच फुशारकी मारत नाही. दारू नाही, ड्रग्ज नाहीत. इंटरव्ह्यूमध्ये इतका हजरजबाबी की लोक त्याला आधी विनोदी माणूस म्हणूनच ओळखतात आणि गाणी नंतर ऐकतात. २०१५ला त्याचा पहिला अल्बम आला, 'समरटाइम ०६', दोन भागांचा, काळोखा, त्याच्या तेराव्या वर्षातल्या उन्हाळ्याबद्दल. २०१६ला 'प्रिमा डोना' नावाचा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा संच आला, ज्याची सुरुवातच एका गुणगुणण्याने होते आणि ते गुणगुणणं बंदुकीच्या आवाजाने तुटतं. आणि मग २३ जून २०१७ला हा 'बिग फिश थिअरी' आला. त्याला चोवीस पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते.

बारा ट्रॅक, सगळे मिळून साधारण छत्तीस मिनिटं. बस्स.

तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न हाच होता की हे हिप-हॉप आहे का? कारण आवाज सगळा इलेक्ट्रॉनिक. टेक्नो, हाउस, इंग्लंडच्या गराजचे अडखळत चालणारे ड्रम, सगळे क्लबमधल्या डान्स म्युझिकचे प्रकार. प्रोड्यूसरांची यादी बघितली तर झॅक सेकॉफ, सोफी, फ्लूम, जिमी एडगर, अशी. रॅपच्या अल्बमवर ही नावं एकत्र दिसत नाहीत. पण मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो आणि यावर मी मित्रांशी बराच वाद घातलेला आहे, कारण टेक्नो आलं कुठून? डेट्रॉइटमधून. वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन, तिघं शाळेतले दोस्त, तिघं कृष्णवर्णीय. हाउस आलं शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबमधून, तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचा आणि नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले खूप जण गे, ज्यांना बाहेर कुठेच मोकळं नाचता यायचं नाही. आणि खुद्द लॉस एंजेलिसमध्ये, गँगस्टा रॅपच्या आधी, इलेक्ट्रोच जोरात होतं! इजिप्शियन लव्हर ड्रम मशीनवर लोकांना नाचवत होता, आणि रॅपर-प्रोड्यूसर डॉक्टर ड्रे एनडब्ल्यूए या गँगस्टा रॅपवाल्या ग्रुपच्या आधी वर्ल्ड क्लास रेकिन क्रूमध्ये होता, तिथेही तेच. मग विन्सने बाहेरचं काय आणलं? काहीच नाही. घरातलीच वस्तू होती, मधल्या काळात दुसऱ्यांच्या नावावर चढली होती, युरोपातल्या मोठमोठ्या फेस्टिव्हलांच्या स्टेजवर.

आता पहिल्या ट्रॅककडे येतो, कारण तो मराठी माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. नाव 'क्रॅब्ज इन अ बकेट'. खेकड्यांची टोपली! झाकण नसलेली टोपली, एक वर चढायला लागला की बाकीचे पाय ओढतात, म्हणून झाकण लागत नाही. आपण सगळे ही गोष्ट ऐकत मोठे झालोय, लग्नात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कोणीतरी काका उठतो आणि 'मराठी माणूस म्हणजे...' करून तीच सांगतो. तिकडे अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक आपल्याच लोकांबद्दल अगदी हेच बोलतात. मला हे कळलं तेव्हा मी चाट पडलो, इतक्या लांबच्या दोन समाजांनी स्वतःला मारायला एकच काठी निवडावी.

पण विन्स ती गोष्ट काकांसारखी सांगत नाही. तो टोपलीत राहून बोलतो. पाय ओढणारे आहेत हे सांगतो, आणि त्याच गाण्यात येते ती ओळ, की काळ्या माणसाच्या हातापायात खिळे आहेत, त्याला क्रूसावर चढवलं आणि मग आपण त्याला गळ्यातल्या साखळीत घातलं. साखळी म्हणजे रॅपरची सोन्याची चेन, येशूचं लॉकेट असलेली. आणि साखळी म्हणजे ती दुसरी पण, गुलामांची. एवढ्याशा ओळीत केवढं आहे हे! आणि खाली बीट काय चाललंय, तर तो गराजचा, हलका, घसरत जाणारा, ज्याच्या प्रोडक्शनमध्ये बॉन आयव्हर या बँडच्या जस्टिन व्हर्ननचा पण हात आहे. मला नेहमी वाटतं की टोपलीच्या गोष्टीत एक माणूस कायम गाळला जातो, तो म्हणजे खेकडे पकडून टोपलीत भरणारा. खिळ्यांच्या त्या ओळीत मला तो माणूस ऐकू येतो.

अल्बमच्या नावातही मासा आणि भांडं आहेच. मासा जेवढ्या पाण्यात ठेवाल तेवढाच वाढतो म्हणतात. छोट्या तळ्यात मोठा मासा झालास, पुढे काय? टायटल ट्रॅक 'बिग फिश'मध्ये रॅपर जूसी जे रात्री जागून नोटा मोजल्याचं गातो, एकदम जल्लोष, आणि विन्सच्या कडव्यात? फार दिवस नाही झाले, मी वेडा व्हायच्या बेतात होतो, प्रवाहाच्या उलट पोहत शार्कांपासून भाकरी वाचवत होतो, डोक्याला बंदूक लावावीशी वाटत होती. व्हिडिओमध्ये तो एकटाच एका बोटीवर आहे, बोट हळूहळू बुडतेय, आजूबाजूला शार्क, आणि हा शांतपणे रॅप करतोय. हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही. पैसा आला, बोट आली, पाणी पण आलं.

'या राइट'बद्दल लिहायलाच हवं. सोफी आणि फ्लूम दोघांनी मिळून केलेला ट्रॅक. यातला बेस म्हणजे पत्रा फाटल्यासारखा आवाज आहे, स्पीकर बिघडलाय की काय असं वाटतं पहिल्यांदा. सोफी ही ग्लासगोची प्रोड्यूसर, ती आवाज कुठून उचलून सॅम्पल करण्यापेक्षा सिंथेसायझरवर शून्यातून बनवायची, लोखंड, रबर, बुडबुडे, ताणलेलं प्लास्टिक असं काहीतरी डोळ्यासमोर यायचं तिचे आवाज ऐकून. तर अशा आवाजावर विन्स फक्त प्रश्न विचारतो. घर मोठं आहे का, गाडी चांगली आहे का, बायको देखणी आहे का, एकामागून एक. रॅपमध्ये ज्या ज्या गोष्टींची बढाई मारतात ती सगळी यादी त्याने प्रश्नचिन्ह लावून परत केलीय. मधे कुचका नावाच्या गायिकेचा आवाज येतो, एकदम थंड पाण्यासारखा, आणि मग रॅपर केंड्रिक लमार येतो आणि जे काय करतो ते करतो, त्याबद्दल लोकांनी खूप लिहिलंय, मी नाही लिहित. मला विन्सचे ते प्रश्न जास्त आवडतात. आपल्याला इन्ट्रोस्पेक्शन म्हटलं की खिडकीत बसलेला माणूस आणि पियानो आठवतो. इथे आत्मपरीक्षण पत्रा फाडत येतं.

सोफी २०२१च्या जानेवारीत गेली, अथेन्समध्ये, पौर्णिमेचा चंद्र बघायला वर चढली होती आणि पाय घसरला. चौतीस वर्षांची होती. त्यानंतर हा ट्रॅक मला पूर्वीसारखा ऐकता येत नाही. हा अल्बम आधीच गेलेल्या माणसांनी भरलेला होता, त्यात तीही गेली.

कारण बघा ना, अल्बमच्या तिसऱ्या ट्रॅकवर, 'अलिसा इंटरल्यूड'वर, ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचा आवाज आहे. गाण्याचा नाही, बोलण्याचा, एका जुन्या मुलाखतीतला. ती सांगते की ती स्वतःचंच नुकसान करणारी बाई आहे, आणि त्यातूनच तिला गाण्यांसाठी सामान मिळत राहतं. किती सहज बोलते! आणि आपल्याला शेवट माहीत असतो, ती २०११ला सत्ताविसाव्या वर्षी गेली. 'सॅमो' हा आणखी एक ट्रॅक, तोही सोफीचाच, त्याचं नाव चित्रकार ज्याँ-मिशेल बास्कियाकडून आलंय, तो मॅनहॅटनच्या भिंतींवर तरुणपणी याच नावाने लिहायचा. तोही सत्तावीसला गेला. आणि गाणारा पोरगा तेवीसचा. हे त्याने ठरवून केलं की आपोआप झालं यात मला पडायचं नाही, पण ऐकताना हे आकडे डोक्यात घुमत राहतात.

'अलिसा'मध्ये एमीच्या बोलण्यानंतर टेम्प्टेशन्स या ग्रुपच्या साठच्या दशकातल्या गाण्याचा एक तुकडा येतो, पाऊस पडू दे म्हणणारा. त्या मूळ गाण्यातल्या माणसाला त्याची प्रेयसी सोडून गेलीय, त्याला रडायचंय, पण पुरुषाने रडायचं नसतं म्हणून तो पाऊस मागतोय, पावसात उभं राहिलं की डोळ्यातलं पाणी कोणाला कळणार नाही. ते गाणं लिहिणाऱ्यांपैकी एकाने, रॉजर पेन्झाबीनने, १९६७च्या शेवटच्या दिवशी खरोखर जीव दिला, गाणं बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते. विन्स त्या तुकड्यावर थोडंसंच बोलतो, माणसं नाहीशी होतात, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती, असं. दुःखाचा एवढा मोठा ढीग आणि विन्सच्या वाट्याला त्यात दोनचार ओळी. दुसरा कोणी असता तर त्याने पाच मिनिटांचं कडवं लिहिलं असतं, व्हायोलिन लावलं असतं.

आणि इथे मला 'पार्टी पीपल' आणि हा पाऊस एकच वाटायला लागतात. पावसात रडणं आणि क्लबच्या अंधारात रडणं यात फरक काय? तो पाऊस मागत होता, विन्सने बीट मागितला. म्हणजे हा डान्स म्युझिकचा वापर काही प्रयोग म्हणून नाही, की चला जरा वेगळं करू. त्याला आडोसा हवा होता. स्लो बीट असता तर सगळ्यांनी शांत बसून त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि तेच तर त्याला नको होतं. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेसमोर नाचणाऱ्या गर्दीत मी एकदा एका पोराला बघितलंय, नाचत होता आणि डोळे भरलेले होते, आणि आजूबाजूच्या कोणालाही त्याचं काही नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच तो तिथे आला होता.

बाकीचे ट्रॅक वाईट नाहीत. 'सेव्हन फॉर्टीफाइव्ह' बीएमडब्ल्यू गाडीवरचा, प्रेमाबद्दलचा, रात्री गाडी चालवताना छान. 'लव्ह कॅन बी'मध्ये गोरिलाझ बँडवाला डेमन अल्बर्न येऊन जातो, तो मला थोडा रिकामा वाटतो. 'बॅगबॅक' मात्र जबरदस्त. त्यात तो आतून बाहेर येतो आणि तुरुंग, राष्ट्राध्यक्ष, श्रीमंत एक टक्का सगळ्यांना धरतो. फेब्रुवारी २०१७ला आला तो, म्हणजे ट्रम्पला खुर्चीत बसून जेमतेम दोन आठवडे झालेले. नंतर 'ब्लॅक पँथर' सिनेमाच्या ट्रेलरमध्ये वापरला, तेव्हा बऱ्याच जणांनी विन्सला पहिल्यांदा ऐकलं असेल.

शेवटचा ट्रॅक 'रेन कम डाउन'. गायक टाय डोला साइन हुकमध्ये पाऊस कोसळू दे म्हणतो, तिसऱ्या ट्रॅकवर मागितलेला पाऊस बाराव्यात परत येतो. पण येतो म्हणजे मागणीच परत येते, पडतो की नाही ते कळत नाही, आणि आवाज तुटतो, संपलं. मला आधी हा शेवट अर्धवट वाटायचा, आता नाही वाटत, तेवीस वर्षांच्या पोराकडून आपण उत्तर का मागावं.

त्यानंतर विन्स या आवाजाकडे परत फिरकला नाही. 'एफएम' आला, मग २०२१चा स्वतःच्याच नावाचा, अगदी हळू बोलणारा अल्बम, मग २०२२चा 'रमोना पार्क ब्रोक माय हार्ट', २०२४चा 'डार्क टाइम्स'. सगळे चांगले आहेत, काही ठिकाणी लिखाण 'बिग फिश'पेक्षा जास्त उघडं आहे, तो स्वतःबद्दल सरळ बोलतो, बीट मंद असतात, तोंड दिसतं. ज्यांना तो विन्स आवडतो त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण मी कोणाला पहिल्यांदा ऐकवतो तेव्हा हाच लावतो, हेडफोनवर नाही, मोठ्या स्पीकरवर, आणि ओळी आधी समजावून सांगत नाही.