कन्हानच्या रेतीपासून भोगव्याच्या पुळणीपर्यंत

नागपूरकराला समुद्र लांब. मुंबईपर्यंतचा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा, आणि आपल्याला जायचं ते दक्षिण कोकण तर त्याहून पुढे. पण किनाऱ्यावर दिवसभर चालायची तयारी नागपुरात बसून करता येते. ती नीट केली तर तिकडे गेल्यावर पायांपेक्षा डोळ्यांना जास्त काम मिळतं. या हंगामात आमच्या रविवारच्या गटाने तेच केलं. पुढच्या वर्षी कोणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून ही नोंद.

आश्विन-कार्तिक : तलावांचे काठ

सुरुवात नेहमीसारखी गोरेवाड्यापासून. पाऊस सरल्यावर तिथली वाट चालायला मऊ आणि सावलीची असते, अंतर अंगावर येत नाही. नंतर रामटेकजवळचं खिंडसी. या जलाशयाचा बांध १९१३ साली पुरा झालेला. कडेकडेने चाललं की पाणी, टेकड्या आणि वर रामटेकचा गड असं सगळं सोबत राहतं. आमचा इथला हेतू एकच होता : उन्हात, सावली नसलेल्या काठावर, पाठीवर पाणी घेऊन सलग चालायची सवय.

या टप्प्यावर फार लिहिण्यासारखं नाही. फक्त एक सांगतो, काळ्या मातीचा काठ पुरता वाळल्याशिवाय तलावाला लगटून जाऊ नये. बुटाला चिखलाचे थर चढतात आणि घोट्याला उगाच पीळ बसतो.

कार्तिकाच्या शेवटी कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला गेलो. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्या इथे भेटतात. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमुळे पाणी इतकं पसरलंय की समोरचा काठ धूसर दिसतो. नव्या पुलावर गर्दी असते, पण चैतन्येश्वराच्या देवळापासून काठाने थोडं दूर गेलं की कोणी नसतं. खाडीच्या शांत पाण्याची कल्पना यावी अशी विदर्भात मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही. गटातल्या एका वहिनींनी अजून समुद्रच पाहिलेला नव्हता. त्या काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आता मले नक्की यायचं हाय."

मार्गशीर्ष : कन्हानची रेती

खरी तयारी इथली. डिसेंबर लागला की कामठीच्या खाली कन्हानचं पाणी एका अंगाला सरकतं आणि बाकी पात्र रेतीचं उरतं. कोरड्या रेतीत पाय रुततो, मागे ढकलायला गेलं तर खालची रेतीच सरकते आणि जोर वाया जातो. १९९८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं : सुट्या वाळूवर चालायला टणक जमिनीच्या मानाने २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. म्हणजे वाळूतले पाच किलोमीटर शरीराच्या लेखी दहा ते तेराच्या घरात जातात. रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर सहज जाणारी आमची मंडळी रेतीत तीनवर येत होती, ती यामुळेच.

उपाय पायांनीच शिकवला. पाऊल लहान टाकायचं, टाच आधी आणि चवडा मागून असं न करता सगळा तळवा एकदम सपाट ठेवायचा, आणि बोटांनी मागे रेटायचं नाही. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून येतात. महिनाभरात ते बरंच कमी होतं. वाळूउपशाचे खड्डे मात्र बघून चालावं. वरून सपाट दिसतं आणि कड अचानक ढासळते.

आम्ही पात्राच्या मधून चाललो होतो, तेव्हा जाळं आवरत बसलेल्या एका ढिवरदादाने हाक मारली : "भाऊ, कायले मधातून चालून राह्यले? पाण्याच्या कडंकडंनं जा ना, तिथली रेती बसलेली राह्यते." ओली रेती खरोखरच घट्ट असते. कणांमधलं पाणी कणांना धरून ठेवतं, म्हणून पाऊल रुतत नाही. त्या दिवशी परतताना कडेने आलो, तर वेळ निम्म्याच्या आसपास लागला.

तिथी आणि पाणी

नदीचा ओला पट्टा दिवसभर तिथेच असतो. समुद्राचा तसा नसतो. ओहोटीला रुंद, सपाट, कडक पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, उघडी पडते. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि चालणाऱ्याला वरची सुटी, उतरती वाळू तेवढी उरते. म्हणून किनाऱ्यावरची चाल किलोमीटरवर नाही, तिथीवर ठरते. आमच्या गटात सगळ्यात जास्त वेळ याच हिशेबाला दिला, आणि तो सार्थकी लागला.

कोकणातला जुना आडाखा असा : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पुनवेला किंवा अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. ते मुंबईच्या बाजूला जास्त जवळचं. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून आम्ही छापील वेळापत्रकही ताडून घेतलं.

आता सकाळी चालायचं तर ओहोटीचा तळ नऊ-दहाच्या सुमाराला हवा. त्यासाठी भरती तीन-चारला हवी, म्हणजे चतुर्थी किंवा पंचमी, शुद्ध असो वा वद्य. पुनव-अवसेला उधाण असतं. तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे जातं हे खरं, पण तळ पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या पुढे येतो, आणि भर दुपारी वाट उरत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाण्याची चढउतार कमी, त्यामुळे उघडी पुळणही कमी. चतुर्थी-पंचमी मधली, आमच्यासाठी सोयीची.

अजून एक लक्षात ठेवण्यासारखं : पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीच्या तळापासून पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. तळानंतरचे दोन तास पाणी जागेवरच आहे असं वाटतं आणि तिसऱ्या तासाला ते झपाट्याने येतं. परतीची वेळ या तिसऱ्या तासाच्या आतली ठेवायची.

पौष शुद्ध पंचमी : भोगवे ते निवती

नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरलो, तिथून वेंगुर्ला तालुक्यातल्या परुळ्याला मुक्काम. परुळ्याचं आदिनारायणाचं, म्हणजे सूर्याचं देऊळ चुकवू नये. सकाळी भोगव्याच्या उत्तर टोकाला गेलो, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. समोर देवबागची वाळूची जीभ : एका अंगाला समुद्राच्या लाटा, दुसऱ्या अंगाला नदीचं निवांत पाणी आणि मध्ये माड-सुरूंची चिंचोळी पट्टी. मोठ्या पाण्याच्या पाठीला टेकून बसलेलं हे आतलं पाणी मला किनाऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. कांदळवनं, म्हणजे खारफुटीची झाडी, तिथेच आहेत, आणि माशांची पिल्लं तिथेच वाढतात.

मग दक्षिणेकडे तोंड करून चालायला लागलो. पाणी उतरत होतं. पायाखालची पुळण इतकी कडक की पावलाचा ठसा जेमतेम उमटावा. कन्हानवर ज्यांना तासभर झाल्यावर बसावं लागायचं, ते इथे न थांबता गेले. पाणी नुकतंच सरलेल्या जागी बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवलेली. एके ठिकाणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. दोर ओलांडून जाऊ नये. माणसांच्या मागून वळसा घालून जावं, काम मोडत नाही. वर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड घिरट्या घालत होता. तो दिसला की गटातले पक्षीवाले हलत नाहीत, तेवढा वेळ आधीच धरून ठेवावा.

पुळण संपते तिथे निवतीचा डोंगर. खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कवचं सुरीसारखी लागतात, म्हणून इथे अनवाणी चालू नये. वर किल्ल्याचे अवशेष, जांभ्या दगडाचा सडा म्हणजे उघडं सपाट पठार, आणि उत्तरेला आपण चालून आलो ती सगळी पुळण एका नजरेत. तिथे बसून नागपुरी संत्री सोलली. रसाचं फळ असल्याने पाण्याची बाटली दुपारपर्यंत पुरली. सोबत फुटाणे-गूळ होताच.

खाली उतरलो तेव्हा जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "बाराच्या आत माघारी येवा, मगे पाणी चढता." आमचा हिशेबही तोच सांगत होता. अकराला निघालो, आणि भोगव्याला पोचेपर्यंत कडक पट्टा निम्म्याने अरुंद झालेला. वहिनी सगळं अंतर पहिल्या तिघांत चालल्या.

दुसऱ्या दिवशी देवबाग. समुद्राच्या बाजूने टोकापर्यंत जाऊन नदीच्या बाजूने माडांतून परतलो. टोकाला पाण्यातल्या खेळांची गर्दी आणि इंजिनांचा आवाज असतो, म्हणून सकाळी लवकर जावं. पोहायला मात्र संगमाजवळ कोणी उतरलं नाही. नदीची ओढ आणि ओहोटी एका दिशेने लागतात.

पुढचं

माघ वद्य पंचमीला खवणे, वेंगुर्ला तालुक्यातलंच. तिथे पुळण लहान आहे, पण मागची खाडी आणि कांदळवन होडीतून आतवर बघता येतं. निम्मा दिवस चाल आणि निम्मा दिवस पाणी असा बेत आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी त्याआधीचे दोन रविवार कामठीला यावं, साडेसहाला पुलाखाली. रेतीत बूट घालून आणि अनवाणी, दोन्ही तऱ्हांनी चालून बघायचं आहे. गाडीचं आरक्षण लवकर करा, कुडाळसाठी जागा पटकन भरतात.