मोई नदीपलीकडचा ताप

थायलंडमधलं माए सोत आणि म्यानमारमधलं म्यावडी यांच्या मधून मोई नदी वाहते. कोरड्या दिवसांत ती काही ठिकाणी चालत ओलांडता येते. लढाई पलीकडे म्यानमारमध्ये, उपचार अलीकडे थायलंडमध्ये. १९८९ साली म्यानमारच्या करेन समाजातल्या डॉक्टर सिंथिया माँग यांनी माए सोतमध्ये माए ताओ क्लिनिक सुरू केलं. १९९८ पासून पाठीवर औषधं घेऊन गावोगाव फिरणारी आरोग्य पथकंही आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि या कामावरचा भार फार वाढला.

हिवतापाचं निदान मात्र नदी ओलांडेपर्यंत थांबू शकत नाही. आपल्याकडे गडचिरोलीत आशाताई करतात, तसंच पलीकडे गावातलाच प्रशिक्षित माणूस बोटातून थेंबभर रक्त घेऊन किटवर तपासतो. किटवर लिहिलेल्या वेळेतच रेघ वाचायची. उशिरा उमटलेली रेघ फसवते. फाल्सिपॅरम या प्रकारचा हिवताप बरा झाल्यावरही हे किट काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं, म्हणून महिन्याभरात पुन्हा ताप आला तर काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीच हवी. व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार जास्त चिवट: तो यकृतात दडून राहतो आणि त्याला बहुधा १४ दिवस प्रायमाक्विनच्या गोळ्या लागतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि गोळ्या तिथेच सुटतात. शिवाय रुग्णाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर याच गोळीने रक्तपेशी फुटतात. ती तपासणी आधी करायची, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठायचा, हे घरच्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचं.

मे संपण्याआधी किट आणि औषधांचा ऑक्टोबरपर्यंतचा साठा गावात पोचलेला हवा. नंतर पावसाचा चिखल आणि वाटेवरच्या चौक्या दोन्ही अडवतात.

सगळ्यात जास्त घोळ कागदावर होतो. बर्मी नावांना आडनाव नसतं. एकच नाव करेन, बर्मी आणि थाई लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. थाई कागदावरचं साल ५४३ वर्षांनी पुढे असतं, म्हणजे २५६८ हे आपलं २०२५. क्षयरोगाच्या कार्डावर हा फरक नजरेतून सुटला तर सहा महिन्यांच्या उपचारात रुग्ण नेमका कुठे आहे, तेच पलीकडच्या कार्यकर्त्याला कळत नाही. म्हणून कार्डावर वडिलांचं नाव, गावाची करेन आणि बर्मी अशी दोन्ही नावं, दोन्ही सालं आणि शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख लिहायची. एक प्रत रुग्णाजवळ, एक दवाखान्यात. पलीकडे चौकीवर झडती होते, त्यामुळे रुग्णाच्या प्रतीवर उपचार देणाऱ्या संघटनेचा शिक्का नको.