झुकलंय म्हणजे तहानलंय असं नाही

सिॲटलपासून न्यू जर्सीपर्यंत बऱ्याच घरांपुढे हे झाड एकटं उभं दिसतं. सरळ खोड, टोकाशी जरा वर वळलेल्या फांद्या आणि त्यांवरून ओल्या पदरासारखी लोंबणारी करडी-हिरवी पालवी. नर्सरीत ‘वीपिंग अलास्का सीडर’ म्हणून विकतात, पण ते सीडर नव्हे. व्हँकुव्हर बेटावरच्या नूटका साउंड या खाडीवरून नाव पडलेला हा नूटका सायप्रस. त्याचा ‘पेंड्युला’ हा प्रकार अंगणात साधारण 20 ते 30 फूट उंच आणि 10 ते 15 फूट रुंद होतो. जागा कमी असेल तर ‘ग्रीन ॲरो’ घ्यावा. तो खांबासारखा अरुंद राहतो.

नवीन लावलेलं झाड बहुतेक वेळा पाण्यानंच मरतं. पालवी लोंबतेय म्हणजे सुकतंय, असं वाटून लोक रोज पाइप लावतात. मुळं गुदमरतात, कुजतात, मग पालवी खरंच मलूल होते आणि पाणी आणखी वाढतं.

म्हणून खड्डा खणण्याआधी निचरा पाहा. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल तर तिथं लावू नका, किंवा उंचवटा करून लावा. चिकणमातीत खड्डा खणून त्यात भारी कंपोस्ट भरणं म्हणजे झाडाला बादलीत बसवणं.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोल मात्र गोळ्याइतकाच. खोड जिथं रुंद होऊन मुळांत उतरतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. गोळ्याच्या वरच्या भागातली तार, दोरी, गोणपाट कापून काढा. कुंडीतलं रोप असेल तर गोल फिरलेली मुळं चाकूनं उभी चिरा. खणलेलीच माती परत भरा, खत घालू नका.

पहिली दोन वर्षं पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला 30 ते 40 लिटर पाणी सावकाश द्या. त्याआधी बोट दोन-तीन इंच मातीत घाला. ओल लागली तर पाइप गुंडाळून ठेवा.

मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा साल-पाचोळ्याचा थर, दोन-तीन इंच, खोडापासून चार इंच लांब. हे वरवरचं काम वाटतं, पण अलास्कात या झाडांची जंगलंच्या जंगलं वाळली ती याच्याशी जोडलेल्या कारणानं. बर्फाची दुलई कमी झाली, आणि हिवाळा सरतानाच्या कडाक्यात वरच्या थरातली बारीक मुळं गोठली. बागेत बर्फाचं काम मल्च करतं. जमीन गोठण्याआधी एकदा भरपूर पाणी द्या, नाहीतर कोरड्या वाऱ्यानं टोकं करपतात.

शरद ऋतूत आतली, खोडाजवळची जुनी पालवी तपकिरी होऊन गळते, घाबरू नका. तपकिरीपणा टोकांकडून आत येत असेल तर मुळं तपासा. पालवी धुरकट, ठिपकेदार दिसली तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी, म्हणजे पालवीतला रस शोषणारी बारीक कीड. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बरेच धुऊन निघतात.

छाटणी जवळपास नकोच. उघड्या, तपकिरी लाकडावर पुन्हा पालवी फुटत नाही, त्यामुळे चुकीच्या कापाचं भोक कायमचं राहतं. शेंडा वाकलेला दिसतो म्हणून बांबू बांधायचीही गरज नाही. झाड आपणहून वर जातं. शेजारचा लोंबता निळा ॲटलस सीडर आधाराशिवाय जमिनीवर लोळतो, तो नियम इथं लावू नका.

एक मात्र पाहत राहा. हे झाड बहुधा मोरपंखीच्या खुंटावर कलम केलेलं असतं; हो, तीच आपल्या बंगल्याच्या फाटकाजवळची मोरपंखी. कलमाच्या सांध्याखालून उभ्या, चपट्या पंख्यासारखी हिरवीगार फूट आली तर आपल्याला ती ओळखायला कुणाची गरज नाही. बुडापासून कापून टाका.