वर्गमित्राला निर्दोष सोडणारा न्यायाधीश

तालुक्याच्या कोर्टात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या वकिलाला फ्रँक जॉन्सन हा माणूस फार आवडतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिलचा, जन्म 1918 चा. नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाला, परत येऊन जॅस्पर या छोट्या गावात वकिली केली. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला अलाबामाची राजधानी माँटगोमेरीला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचा, न्यायाधीश नेमलं, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. नेमणूक तहहयात, त्यामुळे मतं मागायची गरज नाही.

पुढच्याच वर्षी शहर बसमधल्या वर्णभेदाचा खटला आला. तीन जणांच्या खंडपीठानं 2 विरुद्ध 1 मतांनी हा वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. दोघांत एक जॉन्सन. मग अंगणात जळता क्रॉस (गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत), 1967 मध्ये आईच्या घरावर बॉम्ब. आई सुखरूप राहिली.

पण मला खरी मजा वाटते ती जॉर्ज वॉलेसच्या प्रकरणाची. हा कायद्याच्या शिक्षणातला जॉन्सनचा सोबती. 1959 मध्ये तो राज्याच्या कोर्टात न्यायाधीश होता आणि मतदार नोंदणीची दप्तरं फेडरल नागरी हक्क आयोगाला देणार नाही म्हणून अडून बसला होता. अवमानाची कारवाई होणार हे दिसल्यावर रात्री जॉन्सनच्या घरी पोचला: थोडीशी शिक्षा दे, निवडणुकीत गोऱ्या मतदारांपुढे उपयोगी पडेल! जॉन्सन बधला नाही, कडक शिक्षा करीन म्हणाला. वॉलेसनं आडमार्गानं दप्तरं दिली. जॉन्सननं निकालात तेच लिहिलं, आदेश पाळला गेला, सबब निर्दोष. हुतात्मा व्हायला निघालेल्या माणसाचं याहून मोठं नुकसान कुठल्या शिक्षेनं झालं असतं?

तरी 1962 मध्ये जॉन्सनला खोटारडा म्हणत वॉलेस गव्हर्नर झालाच.

1965 मध्ये अलाबामातल्याच सेल्मा गावाहून काळ्यांच्या मतदानहक्कासाठी माँटगोमेरीकडे मोर्चा निघाला. 7 मार्चला पुलावर मोर्चेकऱ्यांना झोडपलं गेलं. मोर्चाच्या बाजूनं अर्ज आला, प्रतिवादी गव्हर्नर वॉलेस. जॉन्सननं आधी मोर्चालाच मनाई केली, पुरावा ऐकल्याशिवाय कुणालाच काही नाही! त्याचे चाहते हे सांगताना जरा घाईत असतात. मला मात्र वकील म्हणून तेच पटतं. सुनावणी झाली आणि 17 मार्चला परवानगी मिळाली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्कही मोठा, असं त्यानं लिहिलं. आणि त्याच आदेशाप्रमाणे, महामार्ग जिथे दोनपदरी आहे तिथे एका वेळी 300 च माणसं चालतील.