भजनी मंडळाचं चॅनल आणि अभंगावर आलेला क्लेम : माझा अनुभव

गावच्या भजनी मंडळाचं यूट्यूब चॅनल सांभाळताना बाकीचं सगळं जमत गेलं. माईक जमला, वेळ जमली, ऐकणारी माणसं जमली. अडलं ते एकाच ठिकाणी, तुकोबांच्या अभंगावर आलेल्या कॉपीराइट क्लेमपाशी, म्हणजे ‘यातलं गाणं आमच्या मालकीचं आहे’ अशा दुसऱ्याच्या दाव्यापाशी. महाराजांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली. शब्द त्यांचे, चाल वारकरी फडावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, गायले आमचे बुवा, पखवाज आमचा, टाळ आमचे. तरी एका संगीत कंपनीच्या नावाने क्लेम लागला, तोही आषाढीच्या तोंडावर. त्याचा राग अजून गेलेला नाही. वारीच्या दिवसांत चॅनल चालवणाऱ्या कुठल्याही मंडळावर ही वेळ येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, क्लेम म्हणजे स्ट्राइक नाही. क्लेम एका व्हिडिओपुरता असतो आणि बहुतेक वेळा यंत्राने आपोआप लावलेला असतो. त्याने चॅनल बंद होत नाही. स्ट्राइक म्हणजे यूट्यूबने चॅनलला दिलेली ताकीद, ती ९० दिवस राहते, आणि त्या मुदतीत तीन झाले की चॅनल जाऊ शकतं. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक घाबरून व्हिडिओच काढून टाकतात. तसं करू नका. व्हिडिओबरोबर त्याखालच्या प्रतिक्रिया जातात आणि लोकांनी एकमेकांना पाठवलेली लिंकही मरते. नव्याने चढवलेल्या व्हिडिओवर तोच क्लेम पुन्हा लागतो.

मग एवढं चिडायचं कारण काय? कारण क्लेम नेमका श्रोत्यांवर येऊन पडतो. भजनाचा खरा श्रोता पहाटे हरिपाठ लावतो, फोन देवघराशी ठेवतो आणि पूजेला बसतो. हात ओले, डोळे मिटलेले. अशा वेळी मधेच साबणाची जाहिरात वाजली, तर पुढच्या दिवशी तो दुसऱ्याचा हरिपाठ लावतो आणि परत येत नाही. म्हणून कमाई सुरू झालेल्या चॅनलवरही भजनाच्या व्हिडिओत मधल्या जाहिराती बंद ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. आठ मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओला मधल्या जाहिराती लावता येतात आणि हरिपाठ त्याहून मोठाच असतो, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन हे पाहावं लागतं. पण क्लेम लागला की हा निर्णय आपल्या हातातून जातो. क्लेम करणारा तीनपैकी एक गोष्ट निवडतो : जाहिराती लावून पैसे घेणं, व्हिडिओ अडवणं किंवा फक्त आकडेवारी पाहणं. आपण श्रोत्याला न बोलता दिलेला शब्द तिसराच माणूस मोडतो. माझा राग त्याचा आहे, पैशाचा नाही.

आता हे होतं कसं ते बघा. कंपन्या आपल्या गाण्यांच्या फायली यूट्यूबच्या यंत्रणेकडे देऊन ठेवतात, आणि चढवलेला प्रत्येक व्हिडिओ त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. जुळणी दोन प्रकारची असते. एकात प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण जुळतं, दुसऱ्यात फक्त चाल जुळते. आपण ताजं गायलं असलं तरी ध्वनिमुद्रणाचा क्लेम येतो, त्याची कारणं बहुधा पार्श्वभूमीला सापडतात. मोबाइलच्या अ‍ॅपवरचा तंबोरा, तयार पखवाजाचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा मुद्रित तुकडा), की-बोर्डमधला तयार ठेका. तोच लूप वापरून कुणीतरी अल्बम काढलेला असतो, त्याची फाइल यंत्रणेत असते, आणि यंत्राला दोन्ही सारखंच ऐकू येतं. सर्वांना खुल्या असलेल्या लूपवर असा हक्क सांगू नये असा नियम आहे, पण तो कुणी पाळला नाही हे आपण दाखवून दिल्याशिवाय काही हलत नाही. दुसरं कारण सप्ताहात घडतं. कीर्तन सुरू होण्याआधी मांडवात लाऊडस्पीकरवर कॅसेटची भक्तिगीतं चालू असतात आणि थेट प्रक्षेपण तेव्हापासूनच सुरू केलेलं असतं. तिथे जुळणी खरीच असते, तक्रारीला जागा नाही. लाऊडस्पीकर थांबल्यावरच प्रक्षेपण सुरू करा. चुकून गेलंच, तर क्लेमच्या पानावरून तेवढा तुकडा कापता येतो, लिंक तीच राहते आणि क्लेम सुटतो.

क्लेमविरुद्ध तक्रार (डिस्प्यूट) टाकण्याआधी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायचा : चाल कुणाची? शब्द संतांचे म्हणजे सगळं मोकळं, हा समज चुकीचा आहे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. संतांच्या शब्दांना त्याचा अडसर नाही. पण आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटच्या काळात संगीतकारांनी अभंगांना ज्या चाली दिल्या, त्या इतक्या रुजल्या आहेत की गावोगावची मंडळं त्या पारंपरिक समजून म्हणतात. त्या चालीत गायलात तर समोरच्याचा दावा खरा असू शकतो. बुवांना विचारा, त्यांच्या गुरूंना विचारा, जुन्या फडकऱ्यांना विचारा. आमच्याकडे एका अभंगाबाबत शंका निघाली तेव्हा तो पारंपरिक चालीत, साध्या भजनी ठेक्यावर म्हटला. देवळात धार्मिक विधीच्या वेळी गाण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे, तिचा दाखला बरेच जण देतात. ती त्या विधीपुरती. रेकॉर्ड करून जगाला ऐकवण्यालाही ती लागू आहे असं धरून तक्रार लिहू नका.

चाल खात्रीने परंपरेची असेल तर मात्र मागे हटू नका. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावर, कंटेंटमध्ये जा. त्या व्हिडिओसमोर रिस्ट्रिक्शन्सच्या रकान्यात कॉपीराइट असं दिसेल, तिथून तपशील उघडा. क्लेम कुणाचा, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, आणि ध्वनिमुद्रणाचा की चालीचा, हे तीनही कागदावर उतरवून घ्या. पुढची निवड त्यावर ठरते. क्लेम ध्वनिमुद्रणाचा असेल तर तक्रारीचं कारण म्हणून ‘ओरिजिनल कंटेंट’ निवडा, कारण आवाज आणि वाद्यं आपली. चालीचा असेल तर ‘पब्लिक डोमेन’, म्हणजे कुणाचाच हक्क नसलेली रचना. ध्वनिमुद्रणाच्या क्लेमला ‘पब्लिक डोमेन’ निवडलं की समोरचा सहज म्हणू शकतो, रचना जुनी असेल पण हे मुद्रण माझं. ‘फेअर यूज’ (दुसऱ्याच्या गोष्टीचा रास्त वापर) तर निवडूच नका. त्याचा अर्थ आपण त्यांचं घेतलं आहे हे मान्य करणं.

खालच्या चौकोनात मजकूर लिहायचा तो इंग्रजीत, लहान वाक्यांत, राग न दाखवता. पलीकडे वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही. त्यात एवढं असावं : रचना अमुक संतांची आणि अमुक शतकातली, चाल पारंपरिक, गाणारं मंडळ अमुक गावचं, ध्वनिमुद्रण अमुक दिवशी आम्ही स्वतः केलं, मूळ फायली आमच्याकडे आहेत, आणि व्हिडिओत गाणारे-वाजवणारे दिसत आहेत. ही शेवटची ओळ फार उपयोगी पडते. म्हणूनच नुसतं विठ्ठलाचं चित्र लावून आवाज चढवण्यापेक्षा बुवा, पखवाजी आणि टाळकरी दिसतील असा एक तरी सलग शॉट ठेवत जा. माईकवरून आलेली कच्ची फाइल कधीही पुसू नका.

मुदती लक्षात ठेवा. क्लेम लागल्यापासून पाच दिवसांच्या आत तक्रार गेली, तर कमाई पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवली जाते आणि शेवटी ज्याच्या बाजूने निकाल लागेल त्याला मिळते. उशीर केला तर तक्रारीच्या तारखेपासूनची. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. तो गप्प राहिला तर मुदत संपताच क्लेम आपोआप सुटतो. हे ३० दिवस मला सगळ्यात जास्त टोचले. आषाढी येते, जाते, द्वादशीला उपवास सुटतात, आणि पानावर तेच एक वाक्य, उत्तराची वाट पाहत आहोत. रोज उघडून बघून काही होत नाही. उत्तर आलं की ईमेल येतो.

क्लेम कायम ठेवल्याचं उत्तर आलं तर अपील करता येतं. त्यावर समोरच्याला ७ दिवसच मिळतात. अपिलासाठी अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू असावी लागतात, म्हणजे ओळखपत्राने किंवा चेहऱ्याच्या व्हिडिओने पडताळणी, नाहीतर चॅनलचा पुरेसा चांगला इतिहास. ही पडताळणी आजच करून ठेवा, भांडण सुरू झाल्यावर नको. अपिलात धोका आहे हेही सांगतो. समोरच्याने ऐकलं नाही तर तो व्हिडिओ काढायची रीतसर मागणी करू शकतो, आणि ती मान्य झाली तर स्ट्राइक येतो. त्यावरही प्रतिसूचना (व्हिडिओ परत ठेवा अशी आपली रीतसर मागणी) देता येते, आणि मग समोरच्याला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला कामकाजाचे १० दिवस असतात. पण इथपर्यंत जायचं तर चालीबद्दल शंभर टक्के खात्री हवी, आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर घालून मगच पाऊल टाकावं, कारण प्रतिसूचनेत नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो समोरच्याकडे जातो. आमचा क्लेम सुटला त्या दिवशी खूप हलकं वाटलं, आणि आपण व्हिडिओ काढला नाही याचा अभिमानही.

क्लेम आधीच कळावा म्हणून एक उपाय आहे, आता तो आम्ही चुकवत नाही. एकादशीचा व्हिडिओ निदान आठवडाभर आधी खासगी ठेवून चढवायचा. चढवतानाच तपासणीचा टप्पा असतो, तिथे कॉपीराइटचं काही निघालं तर प्रसिद्ध होण्याआधीच दिसतं. लूप बदलायचा, तुकडा कापायचा, नाहीतर तक्रार टाकायची, सगळ्याला वेळ मिळतो. नंतरही क्लेम येऊ शकतो, कारण नव्या फायली यंत्रणेत येतच असतात, पण ऐन दिवशीचा धक्का बराच टळतो.

व्हिडिओ अडकलेला असताना श्रोत्यांना धरून ठेवायचं काम व्हॉट्सअ‍ॅपने होतं, पण त्यातली साधनं ओळखून वापरा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ग्रुपमध्ये १०२४ माणसं, पण शुभ सकाळच्या चित्रांत आपला निरोप बुडतो आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. माळकरी घरांतल्या बायकांना ते नको असतं. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅनल सगळ्यांत बरं. नंबर झाकलेले राहतात, संख्येची अडचण नाही. तिथे रोज काही टाकायचं नाही. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी एक निरोप, त्यात अभंगाचं ध्रुवपद, लिंक आणि वेळ, बस.

वेळ पाळण्याबद्दल थोडं. महिन्यात दोन एकादश्या आणि पहाटेची ठरलेली वेळ, एवढं पाळलं तरी माणसं बांधली जातात. रोज एक शॉर्ट (छोटा व्हिडिओ) टाकणाऱ्यांची आकडेवारी मोठी दिसते, पण शॉर्ट्स फीडमधून झालेलं बघणं कमाईसाठी लागणाऱ्या बघण्याच्या ४००० तासांत धरलं जात नाही, आणि तो बघणारा अर्ध्या तासाचा हरिपाठ ऐकेल याची खात्री नाही. ऑडियन्सच्या टॅबमध्ये परत येणाऱ्या प्रेक्षकांचा आलेख असतो. सबस्क्रायबरपेक्षा मी तोच बघतो. दर एकादशीला तिथे उंचवटा दिसला पाहिजे.

शीर्षकात अभंगाचं पहिलं चरण तसंच्या तसं द्या, लोक तेच टाइप करतात. खाली संपूर्ण अभंग लिहा, शुद्ध, गाथ्याच्या चांगल्या प्रतीशी ताडून. एक अक्षर चुकलं तर प्रतिक्रियांत जाणकार लगेच सांगतात. त्यांचे आभार मानून त्याच दिवशी दुरुस्त करा. असं सांगणारी माणसं चॅनलची खरी आपली माणसं असतात, त्यांच्या प्रतिक्रियेला उत्तर दिल्याशिवाय मी दुसरं काम करत नाही.

आवाजाचं एक राहिलं. टाळ माईकपासून लांब, बुवा जवळ, पखवाज मधे. पातळी अशी ठेवा की टाळाचा सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. वायरलेस माईक आणि मोबाइलमधली आवाज गाळण्याची सोय बंद करा, ती टाळ-तंबोऱ्याला गोंगाट समजून खाते. देवळात घुमत असेल तर सतरंज्या जास्त अंथरा. आणि तंबोरा खरा वाजवा, निदान इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी समोर ठेवून तिचाच आवाज माईकमध्ये घ्या. अ‍ॅपमधली तयार फाइल एडिटिंगमध्ये मागे जोडू नका, अर्धे क्लेम तिथूनच उगवतात असं माझं मत झालं आहे.

क्लेम सुटल्याचा ईमेल आला की त्या व्हिडिओचं जाहिरातींचं पान पुन्हा उघडा आणि मधल्या जाहिराती बंद आहेत ना ते पाहा. मग दुसऱ्याच्या फोनवरून, लॉग-इन न करता, हरिपाठ शेवटपर्यंत एकदा चालवून बघा.